घरच्या मीडिया सर्व्हरसाठी ग्राफिक्स कार्ड घेताय? थांबा, कदाचित ते तुमच्याकडे आधीच आहे

दिवाळीत आमच्या एका मित्राकडे सगळा गोतावळा जमला होता. फराळ झाला, गप्पा झाल्या आणि मग कुणीतरी म्हणालं, "अरे, ताईच्या लग्नाचा व्हिडिओ लाव की मोठ्या टीव्हीवर." मित्राने छाती फुगवून रिमोट उचलला. कारण महिनाभर खपून त्याने घरी मीडिया सर्व्हर बसवला होता. घरातले सगळे जुने फोटो, व्हिडिओ, सिनेमे एका जुन्या कॉम्प्युटरवर ठेवायचे आणि कुठल्याही टीव्हीवर, मोबाईलवर बघायचे, अशी सोय.

व्हिडिओ लागला. अंतरपाट धरला गेला आणि तिथेच अडकला. गोल चकरी फिरायला लागली. चार सेकंद व्हिडिओ, दहा सेकंद चकरी. अक्षता पडेपर्यंत निम्मी मंडळी उठून गेली. काकू म्हणाल्या, "त्यापेक्षा सीडी बरी होती रे."

दुसऱ्या दिवशी मित्र तडक कॉम्प्युटरच्या दुकानात. दुकानदाराचं उत्तर तयार होतं, "ग्राफिक्स कार्ड टाका, आरटीएक्स ३०६० घ्या. कटकट संपली."

आता यात दुकानदार खोटं बोलत होता असं नाही. कार्ड टाकलं असतं तर व्हिडिओ चालला असताच. पण त्या कार्डाच्या किमतीचा मोठा भाग ज्या गोष्टीसाठी मोजायचा, ती या कामात जवळपास वापरलीच जात नाही. हे कसं, तेच आज विस्कटून बघू.

आधी बेसिक : ट्रान्सकोडिंग म्हणजे काय?

मीडिया सर्व्हर म्हणजे काही फार मोठी भानगड नाही. घरातला एक कॉम्प्युटर कायम चालू ठेवायचा. त्यात हार्ड डिस्क, त्यावर तुमचे व्हिडिओ आणि सोबत प्लेक्स, जेलीफिन किंवा एम्बी यांच्यापैकी एक सॉफ्टवेअर. ते तुमच्या फाईल्स नीट लावून ठेवतं आणि टीव्हीने मागितली की फाईल पाठवतं.

आता गोम अशी की प्रत्येक व्हिडिओ एका ठराविक पद्धतीने दाबून साठवलेला असतो. या पद्धतीला कोडेक म्हणतात. सध्या तीन कोडेक महत्त्वाचे आहेत. २००३ सालचा एच.२६४, तो जवळपास सगळीकडे चालतो. २०१३ सालचा एचईव्हीसी, म्हणजेच एच.२६५, तो तेवढाच व्हिडिओ कमी जागेत बसवतो. आणि २०१८ सालचा एव्ही१, तो त्याहून काटकसरी आहे, पण जुन्या उपकरणांना तो कळत नाही.

सोप्या भाषेत, कोडेक म्हणजे लिपी समजा. आजोबांच्या ट्रंकेत मोडीत लिहिलेलं पत्र सापडलं. मजकूर मराठीच आहे, पण तुम्हाला मोडी येत नाही. मग मोडी जाणणारा माणूस शोधायचा, तो पत्र वाचणार आणि बाळबोधीत उतरवून देणार. मजकूर तोच, लिपी बदलली.

ट्रान्सकोडिंग म्हणजे नेमकं हेच. सर्व्हर आधी फाईल वाचतो, याला डिकोड म्हणतात. मग टीव्हीला कळेल अशा कोडेकमध्ये पुन्हा लिहितो, याला एन्कोड म्हणतात. आणि हे सगळं तुम्ही बघत असतानाच चालू असतं. लिहिणाऱ्याचा वेग वाचणाऱ्यापेक्षा कमी पडला, की चकरी फिरायला लागते.

मित्राकडे हेच झालं होतं. लग्नाचा व्हिडिओ आयफोनवर ४केमध्ये शूट केलेला. आयफोन २०१७ च्या आयओएस ११ पासून एचईव्हीसीमध्ये शूट करू शकतो आणि आयफोन १२ पासून त्यात १० बिट एचडीआरही आला. हॉलमधला टीव्ही मात्र जुना, फुल एचडी, फक्त एच.२६४ ओळखणारा. मधे सर्व्हर म्हणून बसलेला चौथ्या पिढीचा आय५. त्याला एकट्याला सेकंदाला तीस चित्रं वाचून पुन्हा लिहायची होती. बिचारा थकला.

पहिला सल्ला : ट्रान्सकोडिंग टाळता आलं तर टाळा

कार्डाचा विचार करण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारायचा. ट्रान्सकोडिंग होतंय ते का?

कारण टीव्हीला फाईल जशीच्या तशी कळत असेल तर सर्व्हरला फक्त ती पाठवायची असते. याला डायरेक्ट प्ले म्हणतात. हे काम रास्पबेरी पायसारखा तळहाताएवढा कॉम्प्युटरही आरामात करतो. त्याला ग्राफिक्स कार्ड लागत नाही.

ट्रान्सकोडिंग साधारण चार कारणांनी सुरू होतं.

पहिलं कारण, टीव्हीला कोडेक कळत नाही. यावर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे टीव्हीला एचईव्हीसी आणि ४के जाणणारी एक स्ट्रीमिंग स्टिक जोडायची. मात्र स्टिक घेताना कोडेकची यादी बघायची आणि तुमच्या सॉफ्टवेअरचं ॲप त्यावर आहे का, तेही बघायचं.

दुसरं कारण, इंटरनेटचा वेग. ॲपलच्याच आकड्यांप्रमाणे आयफोनवर ४के, ३० फ्रेम, एचईव्हीसीमध्ये शूट केलेला एक मिनिट साधारण १७० एमबीचा होतो. म्हणजे सेकंदाला जवळपास २३ मेगाबिट. ६० फ्रेमला हाच आकडा मिनिटाला ४०० एमबी, म्हणजे ५३ मेगाबिटच्या घरात जातो. घरातल्या घरात हे ठीक. पण ताई टोरांटोत बसून तोच व्हिडिओ बघणार असेल, तर तुमच्या घरच्या कनेक्शनचा अपलोड वेग तेवढा हवा. नसेल तर सर्व्हरला व्हिडिओ बारीक करून पाठवावाच लागतो. इथे ट्रान्सकोडिंगला पर्याय नाही.

तिसरं कारण, सबटायटल. एसआरटी प्रकारातली सबटायटल साधा मजकूर असतात, ती बहुतेक वेळा टीव्हीवरचं ॲप स्वतः दाखवतं. पण ब्लू-रेवरून आलेली पीजीएस सबटायटल म्हणजे चित्रं असतात. टीव्हीला ती जमत नसतील तर सर्व्हर ती व्हिडिओवरच छापतो आणि त्यासाठी अख्खा व्हिडिओ पुन्हा एन्कोड करावा लागतो. खूप लोक इथेच फसतात. सिनेमा नीट चालू असतो, सबटायटल लावलं की अडकतो. दोष कार्डाचा नाही, सबटायटलचा असतो. एसआरटी फाईल मिळवा, विषय संपला. आणि सबटायटल मराठी असेल, व्हिडिओवर छापलं जात असेल आणि अक्षरांच्या जागी चौकोन दिसत असतील, तर सर्व्हरवर देवनागरी फॉन्ट टाकलाय का ते आधी बघा.

चौथं कारण, एचडीआर. एचडीआर व्हिडिओ साध्या टीव्हीवर लावला की रंग फिके, धुरकट दिसतात. ते दुरुस्त करायला सर्व्हरला प्रत्येक चित्राचे रंग नव्याने बसवावे लागतात. याला टोन मॅपिंग म्हणतात. हे जड काम आहे.

बरं, नुसता आवाज टीव्हीला कळत नसेल, म्हणजे डीटीएस वगैरे, तर घाबरायचं कारण नाही. तेव्हा फक्त आवाज बदलला जातो, व्हिडिओ तसाच जातो. एवढं काम साधा प्रोसेसर सहज करतो.

जेलीफिनच्या डॅशबोर्डवर चालू व्हिडिओची माहिती उघडली की ट्रान्सकोडिंग कशामुळे होतंय ते कारण लिहिलेलं असतं. खरेदीला निघण्याआधी ते वाचा.

मग हे काम कार्डातलं नेमकं कोण करतं?

मुद्द्याची गोष्ट इथे आहे.

ट्रान्सकोडिंग प्रोसेसरच्या ताकदीवर करायचं म्हटलं तर किती ताकद लागते? प्लेक्सने यासाठी एक ढोबळ माप दिलं आहे. पासमार्क नावाच्या चाचणीत प्रोसेसरला गुण मिळतात. फुल एचडीच्या एका व्हिडिओसाठी साधारण २,००० गुण लागतात. ४के एचडीआर व्हिडिओ फुल एचडीत आणायचा तर १७,०००. म्हणजे साडेआठ पट.

आता इंटेलचा एन१०० हा प्रोसेसर घ्या. २०२३ मध्ये आला, चार कोअर, ६ वॅटचा, हातात मावणाऱ्या मिनी पीसीत असतो. याचे पासमार्क गुण साडेपाच हजारांच्या आसपास. म्हणजे प्लेक्सच्या मापाने ४के एचडीआरचा एकही व्हिडिओ याला झेपायला नको. पण प्रत्यक्षात हाच एन१०० ते काम करतो आणि घाम फुटत नाही.

कसं?

कारण त्याच्या चिपवर एक छोटासा वेगळा भाग असतो. त्याचं काम एकच, व्हिडिओ वाचणं आणि लिहिणं. दुसरं काहीच नाही. मोडी वाचून बाळबोधीत उतरवणारा कारकून म्हणा. त्याला हिशोब येत नाही, चित्र काढता येत नाही, पण हे एक काम तो झोपेतही करतो. इंटेल याला क्विक सिंक म्हणतं आणि तो २०११ पासून त्यांच्या प्रोसेसरमध्ये आहे. एनव्हिडियाच्या कार्डात २०१२ पासून असाच भाग आहे, त्यातल्या लिहिणाऱ्या भागाचं नाव एनव्हीएन्क.

आता दुकानात काय होतं बघा. कार्ड जितकं महाग, तितका त्यात गेमिंगचा भाग मोठा. तुम्ही पैसे मोजता ते त्या भागाचे. पण ट्रान्सकोडिंग करणारा कारकून वेगळ्याच टेबलावर बसलेला असतो. एनव्हिडियाच्या ३० सिरीजमध्ये आरटीएक्स ३०५० घ्या नाहीतर आरटीएक्स ३०९० घ्या, दोन्हींत एनव्हीएन्कचा एकच भाग आहे आणि तोही एकाच पिढीचा. गेमिंगमध्ये या दोन कार्डांत जमीन-अस्मानाचा फरक. लग्नाचा व्हिडिओ टीव्हीवर पाठवण्यात मात्र जवळपास काहीच नाही.

टोन मॅपिंग करताना ग्राफिक्सचा इतर भागही थोडा वापरला जातो, मेमरीही लागते. पण त्यासाठी आठ-दहा पट ताकदीचं कार्ड नको.

म्हणून कार्ड निवडताना पहिला प्रश्न "किती ताकदवान?" हा नाहीच. "यातला कारकून कोणत्या लिप्या वाचतो आणि कोणत्या लिहितो?" हा आहे.

तुमच्या प्रोसेसरमध्ये कारकून आधीच बसलाय का?

सर्व्हर म्हणून वापरायच्या कॉम्प्युटरवर इंटेलचा प्रोसेसर असेल तर त्याची पिढी बघा. आय५-८५०० मध्ये डॅशनंतरचा आकडा ८, म्हणजे आठवी पिढी. आय३-१२१०० म्हणजे बारावी.

चौथ्या-पाचव्या पिढीचा कारकून एच.२६४ पुरताच कामाचा. सहाव्या पिढीला ८ बिट एचईव्हीसी जमतं, पण हल्लीच्या मोबाईलचे एचडीआर व्हिडिओ आणि ४के सिनेमे १० बिट असतात, तिथे तो अडतो. सातव्या पिढीपासून १० बिट एचईव्हीसी वाचणं आणि लिहिणं दोन्ही येतं. घरच्या सर्व्हरसाठी ही खरी सीमारेषा आहे. सातवी किंवा त्यापुढची पिढी असेल तर बहुतेक घरांना वेगळं कार्ड लागत नाही. अकराव्या पिढीपासून एव्ही१ वाचणंही यात आलं. एन१००लाही ते येतं.

पण एक सापळा आहे. इंटेलच्या काही प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी एफ असतो. आय३-१२१००एफ, आय५-१२४००एफ वगैरे. गेमिंग पीसी बनवताना हे स्वस्तात मिळतात म्हणून आपल्याकडे भरपूर खपतात. या एफचा अर्थ असा की ग्राफिक्सचा भाग बंद केलेला आहे. म्हणजे क्विक सिंकही नाही. सर्व्हरसाठी नवा प्रोसेसर घेत असाल तर चार पैसे वाचवायला एफ घेऊ नका. ते पैसे पुढे कार्डावर घालावे लागतील.

एएमडीच्या प्रोसेसरचं काय? रायझन ७००० सिरीजच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये छोटं ग्राफिक्स असतं आणि ते हे काम करतं. चालत नाही असं नाही. पण जेलीफिन बनवणाऱ्यांच्या स्वतःच्या मार्गदर्शनात इंटेलला पसंती आहे आणि एएमडीची शिफारस केलेली नाही. घरात आहे तर वापरून बघा, मुद्दाम विकत घेऊ नका. ॲपलच्या एम१ पासूनच्या मॅक मिनीतही एच.२६४ आणि एचईव्हीसीचा चांगला कारकून आहे, तोही चालतो.

वीजबिलाचं कोण बघणार?

गेमिंग पीसी दिवसातून दोन-तीन तास चालतो. सर्व्हर चोवीस तास, तीनशे पासष्ट दिवस. त्यामुळे इथे कार्डाच्या किमतीएवढाच महत्त्वाचा आकडा म्हणजे ते नुसतं बसून किती वीज खातं.

हिशोब सोपा आहे. एक वॅट वर्षभर चालू राहिला तर ८.७६ युनिट होतात. पावणेनऊ म्हणा. हिशोबापुरता युनिटचा दर १० रुपये धरू. म्हणजे एका वॅटला वर्षाला साधारण ८८ रुपये.

आता जुना टॉवर कॉम्प्युटर कार्डासकट रिकामा बसून ६० वॅट घेतोय असं धरा आणि मिनी पीसी १५ वॅट. फरक ४५ वॅटचा. वर्षाला ३९४ युनिट, म्हणजे जवळपास ३,९४० रुपये. पाच वर्षांत १९,७०० रुपये. सेकंडहँड कार्ड स्वस्तात मिळालं म्हणून आनंदाने घरी आणलं, तरी बाकीची किंमत महिन्याच्या महिन्याला वीज कंपनीला भरायची असते. तुमचा दर वेगळा असेल तर बिलावर बघा आणि गुणाकार करा.

मग कार्ड खरंच कधी घ्यायचं?

तीन प्रसंगी. प्रोसेसर जुना आहे पण बाकी मशीन उत्तम आहे. प्रोसेसर एफवाला आहे किंवा त्यात ग्राफिक्सच नाही. किंवा तुमच्या सर्व्हरवर एकाच वेळी बरीच माणसं वेगवेगळ्या ठिकाणांहून ४के बघणार आहेत.

अशा वेळी पहिलं नाव येतं इंटेल आर्क ए३१० आणि ए३८०. गेमिंगवाले या कार्डांकडे ढुंकूनही बघत नाहीत, पण आपल्या कामात ती वाघ आहेत. एच.२६४, एचईव्हीसी, एव्ही१ तिन्ही वाचतात आणि तिन्ही लिहितात. आणि आर्क मालिकेतल्या मोठ्या ए७७० मध्ये व्हिडिओ इंजिन जितकी, तितकीच या छोट्या कार्डांतही आहेत, दोन. ए३१० मध्ये ४ जीबी मेमरी, ए३८० मध्ये ६ जीबी. ए३१० ची काही मॉडेल्स बुटकी असतात, ती ऑफिसच्या बारक्या कॅबिनेटमध्येही बसतात आणि त्यांना वेगळी पॉवरची वायर लागत नाही.

आर्क घेताना दोन गोष्टी सांभाळायच्या. लिनक्स वापरत असाल तर कर्नल ६.२ किंवा त्यापुढचा हवा, तिथून पुढे या कार्डांना आपोआप ओळखलं जातं. आणि बायोसमध्ये एएसपीएम नावाची वीज वाचवणारी सेटिंग चालू करायची, नाहीतर कार्ड रिकामं बसूनही बरीच वीज खातं.

दुसरा पर्याय एनव्हिडिया. जीटीएक्स १६ सिरीज आणि आरटीएक्स २० सिरीजपासून पुढे व्हिडिओची गुणवत्ता चांगली आहे. त्यात जीटीएक्स १६५० मात्र अपवाद, त्यात आधीच्या पिढीचा एन्कोडर बसवलेला आहे. एव्ही१ लिहिणं आरटीएक्स ४० सिरीजपासून आलं. घरात मुलांचा जुना गेमिंग पीसी पडलाय आणि त्यात असं कार्ड आहे, तर नवीन काही न घेता तेच वापरा. साध्या एनव्हिडिया कार्डांवर एकाच वेळी किती व्हिडिओ एन्कोड करता येतील यावर कंपनीने ड्रायव्हरमधून मर्यादा घातलेली असते. ती आधी २ होती, मग ३ झाली, २०२३ मध्ये ५ आणि २०२४ मध्ये ८. घरापुरतं हे भरपूर आहे.

सेकंडहँड बाजारात क्वाड्रो पी२००० ही मीडिया सर्व्हरवाल्यांची जुनी आवड. ७५ वॅट, वेगळी पॉवर वायर नको आणि एन्कोडची मर्यादा नाही. पण एव्ही१ तिला वाचताही येत नाही. स्वस्त मिळाली तरच विचार करा.

ही कार्डं घेऊ नका

आता सगळ्यात महत्त्वाचं. स्वस्त कार्ड म्हणून दुकानात हमखास पुढे केली जाणारी काही कार्डं या कामाला निरुपयोगी आहेत.

एनव्हिडियाचं जीटी १०३०. याला वाचता येतं, लिहिता येत नाही. एन्कोडरच नाही. म्हणजे मोडी वाचणारा कारकून ठेवला, पण त्याच्याकडे दौत-टाक नाही. लिहायचं काम पुन्हा प्रोसेसरच्याच गळ्यात.

एएमडीची आरएक्स ६४०० आणि आरएक्स ६५०० एक्सटी. २०२२ ची कार्डं आहेत, म्हणून लोक नवीन समजून घेतात. पण यांच्यातही एन्कोडर नाही आणि एव्ही१ वाचताही येत नाही.

जीटी ७१०. याला एचईव्हीसी वाचताच येत नाही. मॉनिटर जोडण्यापलीकडे याचा इथे उपयोग नाही.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत सेकंडहँड कार्ड बघायला जाणार असाल तर आणखी एक लक्षात ठेवा. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने कार्डांवर होणारं मायनिंग बंद केलं आणि मायनिंगमध्ये रात्रंदिवस राबलेली कार्डं जगभरातल्या सेकंडहँड बाजारात आली. असं कार्ड खराबच असतं असं नाही, पण पंखा आणि तापमान तपासल्याशिवाय, दुकानातच व्हिडिओ चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

आणि कार्ड घेण्याआधी कॅबिनेट उघडून पॉवर सप्लायवरचा वॅटचा आकडा वाचा. आरटीएक्स ३०६० हे १७० वॅटचं कार्ड आहे आणि त्याला ५५० वॅटचा पॉवर सप्लाय लागतो असं एनव्हिडियाच सांगतं. मित्राच्या ऑफिसछाप कॉम्प्युटरमध्ये २४० वॅटचा होता. म्हणजे कार्डाबरोबर पॉवर सप्लायही आला, तो जुन्या कॅबिनेटमध्ये बसला नाही तर कॅबिनेटही आलं. घोड्याच्या नालेसाठी घोडा घेतल्यासारखी गत.

सॉफ्टवेअरचा खर्चही धरा

कार्ड आणलं, बसवलं, तरी चकरी फिरतेच आहे, असंही होतं. कारण प्लेक्समध्ये हार्डवेअर ट्रान्सकोडिंग फुकट नाही, त्यासाठी प्लेक्स पास विकत घ्यावा लागतो. एम्बीमध्येही एम्बी प्रीमियर लागतं. जेलीफिन मात्र पूर्ण मोफत आहे. २०१८ च्या शेवटी एम्बीचा कोड बंद झाल्यावर त्यातूनच काही लोकांनी ते वेगळं काढलं. त्यात हार्डवेअर ट्रान्सकोडिंगलाही पैसे नाहीत, पण सेटिंगमध्ये जाऊन ते स्वतः चालू करावं लागतं.

चालू झालंय का हे कसं ओळखायचं? प्लेक्सच्या डॅशबोर्डवर ट्रान्सकोडच्या पुढे एचडब्ल्यू अशी दोन इंग्रजी अक्षरं दिसली पाहिजेत. जेलीफिनमध्ये सोपी खूण म्हणजे व्हिडिओ चालू असताना प्रोसेसरचा वापर बघा. तो शंभर टक्क्यांना टेकला असेल तर कारकून झोपलाय आणि काम प्रोसेसर करतोय. फक्त एचडीआर व्हिडिओलाच असं होत असेल तर टोन मॅपिंगची सेटिंग तपासा.

थोडक्यात काय करायचं?

आधी डॅशबोर्डवर ट्रान्सकोडिंगचं कारण वाचा. टीव्ही किंवा सबटायटल हे कारण असेल तर तिथेच उपाय करा. तरी गरज उरली तर प्रोसेसरची पिढी बघा. इंटेलची सातवी किंवा पुढची असेल आणि शेवटी एफ नसेल, तर क्विक सिंक चालू करा आणि गप्प बसा. नसेल तर जुन्या मशीनवर कार्ड चढवण्याआधी एन१००चा मिनी पीसी किंवा ऑफिसमधून निघालेला आठव्या पिढीचा सेकंडहँड मिनी पीसी, याच्या किमतीशी तुलना करा. वीजबिल धरून. त्यानंतरही कार्डच घ्यायचं ठरलं तर आर्क ए३१० किंवा ए३८०. आणि कोणतंही कार्ड असो, ते कोणते कोडेक वाचतं आणि कोणते लिहितं, हे कंपनीच्या वेबसाईटवर बघितल्याशिवाय पाकीट उघडायचं नाही.

मित्राने शेवटी काय केलं? कार्ड घेतलं नाही. ऑफिसमधून निघालेला, आठव्या पिढीच्या आय५-८५००टीचा एक मिनी पीसी सेकंडहँड घेतला. आकाराने जाडजूड पुस्तकाएवढा. जुन्या कॉम्प्युटरमधली हार्ड डिस्क बाहेरच्या डब्यात घालून त्याला जोडली, जेलीफिन टाकलं, क्विक सिंक चालू केलं.

तुळशीच्या लग्नाला काकू पुन्हा आल्या होत्या. ताईच्या लग्नाचा व्हिडिओ लावला. अंतरपाट धरला, मंगलाष्टका झाल्या, अक्षता पडल्या, एकदाही चकरी फिरली नाही. टोरांटोहून ताईने तोच व्हिडिओ मोबाईलवर बघितला.

काकू काही बोलल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "आता विहीण-पंगतीचा पण लाव."